‘मुलींची गोळी’ असं काही नसतं

पत्र: ताई, मी २२ वर्षांची आहे, बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला. दोन वर्षं पॉवरलिफ्टिंग करते. स्क्वॉट १२०, बेंच ६२.५, डेडलिफ्ट १४२.५ किलो. राज्य स्पर्धा दहा आठवड्यांवर आली आहे. सर म्हणतात, ६३ किलोच्या गटात उतर आणि बॉडी फॅट १८ टक्क्यांवर आण. पाच महिने ओट्स, अंड्याचं पांढरं आणि उकडलेलं चिकन खातेय, दिवसाला १३०० कॅलरी. वजन ७१ वरून ६६.४ वर आलं आणि तिथंच अडलं. जिममधलं मशीन २७ टक्के फॅट दाखवतं. चार महिने पाळी आलेली नाही. तीन आठवड्यांपूर्वी सरांनी ऑक्सॅन्ड्रोलोनच्या गोळ्या दिल्या, १० मिलिग्रॅमच्या. म्हणाले, ही मुलींचीच गोळी, एकदम माइल्ड. डेडलिफ्ट साडेसात किलोनं वाढली. पण गेल्या आठवड्यात आरती म्हणताना वरचा सूर लागेना, आवाज फाटला. आई म्हणाली, सर्दी झाली का? घरात कुणाला काही माहीत नाही. गोळी बंद करू का? आवाज परत येईल का? आणि स्पर्धेचं काय?
– एक लिफ्टर, कोल्हापूर

उत्तर:

अगं, कारणं नंतर वाच, आधी हे कर. गोळी आज बंद. ऑक्सॅन्ड्रोलोन हे ॲनाबॉलिक स्टेरॉइड आहे, म्हणजे पुरुषी हार्मोनसारखं काम करणारं औषध. स्ट्रिप संपेपर्यंत थांबू नकोस. तीन आठवडे घेतलेली ही गोळी हळूहळू कमी करत सोडावी लागत नाही, एकदम थांबवली तरी चालते. जिममध्ये कुणीतरी सांगेल की बंद केल्यावर ‘पीसीटी’ (पोस्ट सायकल थेरपी, म्हणजे स्टेरॉइडनंतरचा औषधांचा कोर्स) करावं लागतं, टॅमॉक्सिफेन घे, क्लोमिफेन घे. ते घेऊ नकोस. ती पद्धत पुरुषांचं स्वतःचं टेस्टोस्टेरॉन पुन्हा सुरू व्हावं म्हणून जिमवाल्यांनी बसवलेली आहे. तुझ्या शरीराला तिचा उपयोग नाही, आणि ही दोन्ही औषधंही खेळाडूंना बंदीच आहेत.

आता आवाजाचं. तुझ्या पत्रातली सगळ्यात महत्त्वाची ओळ तीच आहे. स्वरतंतूंच्या स्नायूंवर पुरुषी हार्मोनचा थेट परिणाम होतो. ते जाड होतात आणि त्यांची कंपनं मंदावतात. सुरुवात अशीच असते: वरचा सूर निसटतो, आवाज मध्येच फाटतो, सर्दी नसताना घसा बसल्यासारखा वाटतो. वयात येताना मुलांचा आवाज फुटतो, तेच इथं घडतं, आणि मुलांचा आवाज फुटल्यावर पुन्हा पहिल्यासारखा होत नाही. तुझ्या बाबतीत खरं ते सांगायचं तर इतक्या लवकर थांबल्यावर काही अंशी सुधारणा होऊ शकते, पण हमी कुणीच देऊ शकत नाही. गोळी चालू राहिली तर मात्र बदल पक्का होत जातो. म्हणून ‘स्पर्धेपर्यंत घेते, मग सोडते’ हा विचार मनात आला असेल तर तो इथंच सोड.

बाकीचे परिणाम तूच स्वतःशी तपासून बघ, लाजू नकोस. पुरळ आणि तेलकट त्वचा बहुधा ओसरते. बंद झालेली पाळी काही आठवड्यांत, कधी काही महिन्यांत परत येते. हनुवटीवर किंवा छातीवर एकदा जाड, काळा केस उगवला की तो आपोआप जात नाही, लेझरसारखा उपचार करावा लागतो. डोक्यावरचे विरळ झालेले केस भरून येतीलच असं नाही. क्लिटोरिसचा आकार वाढला असेल तर तो बदल बहुतेक वेळा राहतो. यातलं काही दिसत असेल तर डॉक्टरांना नेमक्या शब्दांत सांग. ‘थोडं वेगळं वाटतंय’ एवढ्यावर त्यांना काही कळणार नाही.

‘माइल्ड’ हा शब्द कुठून आला तेही समजून घे. स्टेरॉइड स्नायू किती वाढवतं आणि पुरुषी लक्षणं किती आणतं, याचं जे गुणोत्तर जिममध्ये सांगितलं जातं, ते जुन्या प्रयोगांतलं आहे. ते प्रयोग वृषणं काढलेल्या नर उंदरांवर झाले. त्यांच्या एका स्नायूचं वजन आणि प्रोस्टेटसारख्या ग्रंथींचं वजन, एवढ्यावर तो आकडा निघाला. मुलीच्या स्वरतंतूंचा त्यात विचारच नव्हता. शिवाय बाईचं शरीर दिवसाला साधारण पाव मिलिग्रॅम टेस्टोस्टेरॉन बनवतं, पुरुषाचं पाच ते सात मिलिग्रॅम. ऑक्सॅन्ड्रोलोन आणि टेस्टोस्टेरॉन मिलिग्रॅमला मिलिग्रॅम सारखे नाहीत हे खरं, पण तुझ्या शरीराच्या मापाने १० मिलिग्रॅम ‘छोटा डोस’ ठरत नाही, हे यावरून कळेल.

हे औषध मुळात निघालं ते मोठ्या शस्त्रक्रियेनं किंवा दीर्घ आजारानं खंगलेल्या रुग्णाचं वजन भरून यावं म्हणून. भाजलेल्या रुग्णांनाही ते देत. यकृतावरच्या दुष्परिणामांचा गंभीर इशारा त्याच्यावर कायम होता, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्याची मान्यताच काढून घेतली. मग तुझ्या स्ट्रिपमध्ये नेमकं काय आहे? ऑक्सॅन्ड्रोलोन महाग असतं, म्हणून चोरट्या बाजारात त्या नावाखाली मेथॅन्डिएनोन किंवा स्टॅनोझोलोलसारखी स्वस्त आणि मुलींना जास्त बाधणारी स्टेरॉइड्स भरलेली सापडतात. तीन आठवड्यांत आवाज फाटला, यामागे तेही असू शकतं.

आता त्या २७ आणि १८ च्या हिशेबाकडे येऊ, कारण हे सगळं तिथून सुरू झालं. वही घे.

तुझं वजन ६६.४, फॅट २७ टक्के. म्हणजे चरबी १७.९ किलो आणि बाकी शरीर, म्हणजे स्नायू, हाडं, पाणी, अवयव मिळून ४८.५ किलो. आता समज, हे ४८.५ किलो जसंच्या तसं राखून तू फक्त चरबी उतरवलीस. ६३ किलोला पोचलीस तेव्हा फॅट २३ टक्के असेल. १८ टक्क्यांवर आलीस तर वजन भरेल ५९ किलो. म्हणजे सरांच्या दोन मागण्या एकमेकींशी जुळतच नाहीत. १८ टक्के झालीस तर ६३ च्या गटात चार किलो रिकामे ठेवून उभी राहशील, तेही अशा खेळात जिथं गटात भरगच्च स्नायू घेऊन उतरायचं असतं. हा १८ चा आकडा स्टेजवर शरीर दाखवणाऱ्या खेळाच्या तयारीतून इकडे आला असावा. पॉवरलिफ्टिंगमध्ये पंच तीन लिफ्ट बघतात, पोटाच्या रेषा नाही. बाईच्या शरीराला जिवंत आणि धडधाकट राहायलाच साधारण १० ते १३ टक्के चरबी लागते, पुरुषाला २ ते ५. ताकदीच्या खेळातल्या कितीतरी चांगल्या मुली वीस ते अठ्ठावीसच्या दरम्यान असतात आणि उत्तम उचलतात.

आणि तो २७ तरी खरा कशावरून? जिममधलं मशीन तळपायांतून आणि हातांतून हलका विद्युतप्रवाह सोडतं, शरीरातलं पाणी मोजतं आणि त्यावरून चरबीचा अंदाज बांधतं. पाणी कमी प्यालेलं असलं की चरबी जास्त दाखवतं. व्यायामानंतर वेगळं, जेवल्यावर वेगळं. पाळीच्या आधी अंगात पाणी साठून एखाद-दोन किलो वजन वाढतं, तेव्हाही आकडा हलतो. तीन-चार टक्क्यांचा फरक सहज पडतो, म्हणजे तू २३ ला असशील किंवा ३१ ला. मोजायचंच असेल तर सकाळी, अनशापोटी, शौचाला जाऊन आल्यावर, त्याच मशीनवर, महिन्यातून एकदा. त्याहून बरं म्हणजे एकाच अनुभवी हातानं कॅलिपरनं दंडाची मागची बाजू, कंबरेच्या हाडाच्या वर आणि मांडी, अशा तीन ठिकाणची घडी मिलिमीटरमध्ये मोजून घ्यायची आणि ती बेरीजच वहीत लिहायची. टक्केवारी काढायचीच नाही. बेरीज घटली तर चरबी घटली. एकच नेमकं माप हवं असेल तर डेक्सा स्कॅन (क्ष-किरणांनी चरबी आणि हाडं मोजणारी तपासणी) आहे, पण तोही टक्का-दोन टक्के इकडेतिकडे होतो.

आता पाळी. चार महिने पाळी नसताना कुणी तुला डॉक्टरकडे पाठवलं नाही, याचं आम्हाला गोळीइतकंच वाईट वाटतं. फॅट फार कमी झालं की पाळी जाते, असं जिममध्ये समजतात. तुझं फॅट मशीनच्या हिशेबानं २७ आहे आणि तरी पाळी गेली. मेंदू चरबीचे टक्के बघत बसत नाही, व्यायाम वजा जाता शरीर चालवायला किती अन्न उरलं ते बघतो. तुझा हिशेब असा: १३०० कॅलरी खाल्ल्या, व्यायामात सरासरी ३०० गेल्या, उरल्या १०००. भागिले ४८.५ किलो, म्हणजे किलोमागे जेमतेम २० कॅलरी. हा आकडा ४५ च्या आसपास असावा लागतो. ३० च्या खाली बरेच दिवस राहिला की मेंदू बीजकोशांना जाणारा संदेश मंद करतो, पाळी थांबते, हाडं विरळ व्हायला लागतात, दुखापती भरून येत नाहीत, थंडी वाजते, झोप उडते आणि वजनही अडून बसतं. तुझं ६६.४ वर अडलं ते असंच. आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीनं २०१४ पासून खेळाडूंमधल्या या अवस्थेला ‘रेड-एस’ (खेळाच्या मानानं शरीराला ऊर्जा कमी पडणं) असं नाव दिलेलं आहे. आता त्यावर गोळी आली, आणि गोळीही पाळी दाबते. त्यामुळे मूळ कारण झाकलं गेलं.

पण आपण अंदाजावर थांबायचं नाही. या आठवड्यात स्त्रीरोगतज्ज्ञांकडे जा. खासगीत परवडत नसेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या ओपीडीत जा, तिथं नाक-कान-घशाचा विभागही आहे, दोन्ही कामं होतील. सगळ्यात आधी गर्भधारणेची चाचणी. विचारलं म्हणून रागावू नकोस. पाळी चुकलेल्या प्रत्येकीची ही पहिली तपासणी असते, आणि या गोळ्या गर्भातल्या मुलीच्या अवयवांवर परिणाम करतात. मग रक्तातल्या हार्मोनच्या चाचण्या, म्हणजे एफएसएच, एलएच, इस्ट्रॅडिऑल, प्रोलॅक्टिन, टीएसएच, टेस्टोस्टेरॉन आणि पोटाची सोनोग्राफी, म्हणजे पीसीओएस (बीजकोशांशी निगडित हार्मोनचा विकार), थायरॉइड वगैरे वेगळं काढता येईल. टेस्टोस्टेरॉन नॉर्मल आलं म्हणून ‘गोळीनं काही झालं नाही’ असं समजू नकोस. ऑक्सॅन्ड्रोलोन हा वेगळा रेणू आहे, त्या चाचणीत तो टेस्टोस्टेरॉन म्हणून मोजला जात नाही. लिपिड प्रोफाइल कर, चांगलं कोलेस्टेरॉल म्हणजे एचडीएल या गोळ्यांनी घसरतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (लोहाचा साठा) आणि व्हिटॅमिन डी बघ.

यकृताच्या तपासणीत लिफ्टर मुलींची एक गफलत होते. एसजीओटी आणि एसजीपीटी ही एन्झाइम्स, ती यकृतातून येतात तसे स्नायूंतूनही येतात. काल जड डेडलिफ्ट केली असेल तर आज दोन्ही वाढलेली दिसतील. म्हणून सोबत जीजीटी (यकृताचं एन्झाइम) आणि सीपीके (स्नायूंचं एन्झाइम) करून घे. सीपीके वाढलेलं आणि जीजीटी नीट असेल तर बोट बहुधा व्यायामाकडे जातं, जीजीटीही चढलेलं असेल तर यकृताकडे. रक्त देण्याआधी किमान आठवडाभर जड व्यायाम टाळलास तर गोंधळ बराच कमी होईल. पाळी सहा महिन्यांच्या पुढे लांबली तर हाडांचा डेक्सा करायला सांगतील, तो कर. घशाच्या डॉक्टरांकडून दुर्बिणीनं स्वरतंतू बघून घे आणि व्हॉइस थेरपिस्टबद्दल विचार. तोवर जिममध्ये ओरडून लिफ्ट मारणं बंद. डोळे पिवळे दिसले, लघवी गडद झाली, छातीत दुखलं, धडधड थांबेना किंवा एका पोटरीला सूज येऊन दुखायला लागली, तर ओपीडीची वाट बघू नकोस, सरळ कॅज्युअल्टीत जा.

आणखी एक, जे फार थोडे डॉक्टर आपणहून सांगतात. हनुवटीवरच्या केसांसाठी किंवा पीसीओएससाठी स्पायरोनोलॅक्टोन लिहून देतात. ते लघवी वाढवणारं औषध आहे आणि खेळाडूंना कायम बंदी आहे. पीसीओएसमध्ये दिली जाणारी लेट्रोझोल आणि क्लोमिफेनही बंदीच्या यादीत आहेत. गर्भनिरोधक गोळ्यांना बंदी नाही. सण-समारंभात पाळी पुढे ढकलायला आपल्याकडे सर्रास घेतली जाणारी नॉरएथिस्टेरोनची गोळीही चालते, पण तिच्यामुळे नमुन्यात नॅन्ड्रोलोन या स्टेरॉइडच्या खुणांसारखं थोडं काही दिसू शकतं, म्हणून घेतली असेल तर तपासणीच्या फॉर्मवर लिही. ‘मी स्पर्धा खेळते’ हे डॉक्टरांना पहिल्याच वाक्यात सांग. औषधाचं नाव नाडाच्या (राष्ट्रीय उत्तेजकविरोधी संस्थेच्या) ‘नो युवर मेडिसिन’ ॲपमध्ये घालून बघता येतं. खरोखर गरज असेल तर वैद्यकीय सवलतीसाठी अर्ज करता येतो, औषध घेण्याआधी.

स्पर्धेचं विचारलंस. ही स्पर्धा सोड. कडू आहे, पण आम्ही यावर ठाम आहोत. वाढलेले साडेसात किलो गोळीचेही आहेत, आणि शेजारच्या प्लॅटफॉर्मवर उभ्या राहणाऱ्या मुलीनं ती घेतलेली नाही. शिवाय नियम असा की नमुन्यात सापडलेल्या पदार्थाला खेळाडूच जबाबदार. ‘सरांनी दिली’ हे उत्तर तुला वाचवत नाही. ॲनाबॉलिक स्टेरॉइडला साधारण चार वर्षांची बंदी असते, म्हणजे तू २६ वर्षांची होशील. ‘राज्य पातळीवर कोण तपासतंय’ असं सांगणारे भेटतील. २००८ आणि २०१२ च्या ऑलिंपिकमधले साठवलेले नमुने अनेक वर्षांनी पुन्हा तपासले तेव्हा कितीतरी वेटलिफ्टर पकडले गेले, महिलाही, कारण तोवर जुन्या स्टेरॉइडचे बारीक अंश ओळखायची पद्धत निघाली होती. आणि खेळाडूला असं औषध देणं हाही उत्तेजकविरोधी नियमांत स्वतंत्र गुन्हा आहे. तरी सरांशी भांडू नकोस. ‘सर, गोळी बंद केली, ही स्पर्धा खेळत नाही, पुढची ६९ मध्ये खेळेन’, एवढी तीन वाक्यं पुरतात. त्यावर त्यांनी दुसरी गोळी पुढे केली तर जिम बदल.

दुसरी गोळी बहुधा क्लेनब्युटेरॉल (चरबी उतरवायला म्हणून देतात ती) किंवा लॅसिक्स (लघवी वाढवून वजन उतरवणारी) असेल, म्हणून तेही सांगून ठेवतो. क्लेननं हात थरथरतात, हृदय धावतं, रक्तातलं पोटॅशियम उतरतं. लॅसिक्सनं पाण्याबरोबर पोटॅशियम जातं आणि हृदयाची लय बिघडू शकते. दोन्हींना बंदी आहे. २००४ च्या अथेन्स ऑलिंपिकमध्ये एका भारतीय महिला वेटलिफ्टरच्या नमुन्यात हेच लॅसिक्स, म्हणजे फ्युरोसेमाइड सापडलं होतं. बरं, तुमच्या खेळात वजन घेतात ते लिफ्टिंगच्या जेमतेम दोन तास आधी. इतक्या वेळात गेलेलं पाणी आणि मीठ भरून येत नाही, आणि पहिल्याच स्क्वॉटला खाली बसल्यावर उठता येत नाही.

मग या दहा आठवड्यांत काय करायचं? जेवायचं. ज्या कोल्हापुरात पैलवानाच्या खुराकाची चर्चा घराघरात होते, दूध-तूप-बदाम मोजून दिले जातात, तिथंच लोखंड उचलणाऱ्या मुलीला उकडलेलं चिकन आणि ओट्सवर ठेवतात, हे आम्हाला सहन होत नाही. तुझं लक्ष्य २४०० ते २५०० कॅलरी. एकदम उडी मारू नकोस, दर आठवड्याला २०० ते ३०० वाढव. प्रोटीन ११० ते १२० ग्रॅम. सकाळी तीन अंडी पिवळ्यासकट, दोन चपात्या, ग्लासभर दूध. दुपारी ज्वारीच्या दोन भाकऱ्या, मटकीची उसळ, वाटीभर दही. व्यायामाआधी केळं आणि मूठभर शेंगदाणे. रात्री भात, आमटी आणि दीडशे ग्रॅम चिकन, नाहीतर पन्नास ग्रॅम सोयाबीन वड्या. रविवारी घरचं मटण आणि पांढरा रस्सा बिनधास्त. पहिल्या दोन-तीन आठवड्यांत दीड-दोन किलो वाढेल. त्यातलं बरंचसं पाणी आणि स्नायूंतला साठा असतो, घाबरून पुन्हा ओट्सकडे पळू नकोस. गोळी सुटल्यावर लिफ्ट थोडी उतरेल, मनही उतरेल, काही आठवडे रडायलाही येईल. वजनं दहा-पंधरा टक्क्यांनी खाली घे, आठवड्यातून तीन दिवस, दम उरलेला असतानाच सेट संपव.

सलग तीन पाळ्या नियमित आल्या आणि तरीही ६३ मध्ये जायचं असेल, तर जा. पण दिवसाला ३०० कॅलरीच कमी करून, आठवड्याला साधारण ३०० ग्रॅम उतरवून, स्पर्धेच्या तीन-चार महिने आधीपासून. पाळी पंधरा दिवसांपेक्षा जास्त लांबली की कटिंग, म्हणजे वजन उतरवणं, थांबव. वहीत स्क्वॉटच्या शेजारी पाळीची तारीखही लिहीत जा. २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये मीराबाई चानूचं ब्राँझ एका किलोनं हुकलं, तेव्हा पाळीचा तिसरा दिवस होता हे तिनं सगळ्यांसमोर सांगितलं. तुला तर फक्त तुझ्या वहीत लिहायचंय.

आईला आज सांग. ‘सर्दी झाली का’ असं विचारणारी आई तुझ्याबरोबर ओपीडीच्या रांगेत उभी राहील, राहिलेले प्रश्न तीच डॉक्टरांना विचारेल. उरलेली स्ट्रिप फेकून देऊ नकोस. दोन्ही बाजूंचा फोटो काढ, स्ट्रिप डॉक्टरांच्या हातात दे आणि तिथंच ठेवून ये. आत खरंच काय होतं याचा अंदाज बांधायला त्यांना तिचा उपयोग होईल.